सोनजाईचा उलटा फेरा

"कुठल्या अंगानं गेलतास?" बमातात्यांनी विचारलं.

पुष्करला धाप लागली होती. सोनजाईच्या डोंगराला वळसा घालणारी सात किलोमीटरची वाट तो सव्वा तासात पालथी घालून आला होता. हाका मारून मारून घसा बसला होता. आणि हा म्हातारा वनखात्याच्या चौकीच्या पायरीवर बसून अंग विचारत होता.

"कुठल्या म्हणजे? फेऱ्याला एकच दिशा आहे, तात्या. बाणांची."

"बरं."

"एकेक वळण पाहिलं. एकेक झुडूप. गुळवणी सर कुठंही नाहीत."

"बरं," तात्या पुन्हा म्हणाले.

पावणेदोन वाजले होते.

चौकीसमोरच्या बाकावर शालनताई गुळवणी मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसल्या होत्या. मिरजेहून फेरा चालायला आलेल्या अकरा जणांपैकी दहा जण बारा वाजता फेरा पुरा करून आले होते. अकरावे त्यांचे यजमान. चौसष्ट वर्षांचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. कड्याच्या काठावरच्या दुसऱ्या लोखंडी कठड्यापाशी त्यांचा गुडघा बोलायला लागला आणि ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी आल्या वाटेनं हळूहळू माघारी जातो, खुणा काय आहेतच. तेव्हा साडेदहा झाले होते. तिथून चौकी तीन किलोमीटर. गोगलगाईच्या चालीनं निघाला असता तरी माणूस एव्हाना पोचायला हवा होता.

"सकाळी इन्सुलिन टोचून निघालेत," शालनताई म्हणाल्या. हे त्यांनी आतापर्यंत चार वेळा सांगितलं होतं. "त्यानंतर एक केळं, बस्स. डबा माझ्या पिशवीत. साखर उतरली की त्यांना काही सुचत नाही हो. बोलणंसुद्धा अडखळतं."

पुष्करनं दुसरीकडे पाहिलं.

तालुक्याहून निघालेलं मदतपथक पाचच्या आत पोचत नव्हतं. आणि पावसाळा सरता सरता या डोंगराला एक वाईट खोड लागते. चारच्या सुमाराला कोकणातून धुकं वर चढतं आणि कड्याच्या बाजूचं सगळं रान गिळून टाकतं. मग स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. उपाशी, साखर उतरलेला, लंगडणारा माणूस त्या धुक्यात कड्याच्या अंगाला राहिला, तर पथकाला काय सापडेल ते तिघांनाही कळत होतं. तोंडानं कुणी म्हणत नव्हतं इतकंच.

"मी पुन्हा जातो," पुष्कर म्हणाला.

"त्याच अंगानं?"

"मग काय उलटा जाऊ?"

तंबाखूची चंची त्यांनी न उघडताच कनवटीला खोचली.

दोन वर्षांपूर्वी पुष्कर पुण्याहून इथं आला, तेव्हा वनखात्यानं त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या: या फेऱ्यावर खुणा रंगवायचं काम, आणि बमाजी झोरे. तात्या गवळी धनगर. या डोंगरावर त्यांच्या म्हशी चरल्या, मग पंचवीस वर्षं ते इथंच राखणदार होते. त्यांच्याकडून रान शिकून घ्या, साहेबांनी सांगितलं होतं. पुष्करनं सहा महिने मन लावून शिकून घेतलं. सातव्या महिन्यात त्याला वाटलं, झालं की सगळं. आपल्याला हे असं लवकर वाटतं, त्यात काही नवल नाही.

पण काम त्यानं देखणं केलं होतं, हे कबूल करायला हवं. झाडांच्या बुंध्यांवर, कातळांवर, दगडांवर एकशे छप्पन्न पिवळे बाण. एकही वाकडा नाही, एकाचाही रंग ओघळलेला नाही. वाट उघडली त्या दिवशी त्यानं माईकवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "या वाटेवर कुणी चुकूच शकत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तात्यांनीही.

"तात्या, वेळ जातोय. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा, नाहीतर..."

"त्यो मानूस कुठनं हरवला?"

"फेऱ्यावरून."

"कवा?"

"परत येताना."

"आन् तू?"

"मी काय?"

"तू त्या वाटंनं गेलास," तात्या सावकाश म्हणाले. "आला न्हाईस."

पुष्करला राग आला. हे असलं कोड्यात बोलणं एरवी, चहा पिताना, गोड वाटायचं. आज एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

"एकच वाट आहे ती! जा काय आणि ये काय!"

तात्या उठले. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, कोयता कमरेला अडकवला. शालनताईंसमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला.

"गोड काय हाय का, बाई?"

ताईंनी पिशवीतून साखरेची पुडी काढून दिली. "मी त्यांना एकटं सोडायला नको होतं हो. मला तो पुढचा कडा बघायचा होता... म्हणून मी गेले."

"बघायलाच आलता न्हवं?" तात्या म्हणाले. "त्यात काय वाईट न्हाई. बसा." मग पुष्करकडे वळून, "त्यो खिशातला नकाशा काढ."

"मोबाइल?"

"बाईकडं ठिव."

"तात्या, त्यात संपूर्ण वाट आहे. रेंज नसली तरी चालतो तो!"

"त्या मास्तरांकडं व्हता?"

"...नाही. त्यांचा साधा फोन आहे."

"मग ठिव."

ठेवावा लागला. खिसा रिकामा झाला तसं पुष्करला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

तात्या फेऱ्याच्या कमानीकडे वळलेच नाहीत. ते देवळाकडे चढायला लागले. सोनजाईचं देऊळ डोंगराच्या मध्यावर आहे; फेरा तिच्याभोवती फिरतो. देवळामागून एक आडवाट डोंगर ओलांडून थेट दुसऱ्या कठड्यापाशी उतरते. वीस मिनिटांची. पुष्करला ती माहीत होती, पण फेऱ्यावर हरवलेला माणूस फेऱ्यावरच शोधायचा, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ती आठवलीच नव्हती.

देवळापाशी तात्यांनी वहाणा काढल्या.

"आत्ता?" पुष्कर ओरडलाच. "तात्या, आत्ता?"

म्हाताऱ्यानं हात जोडले. डोळे मिटले नाहीत. देवीकडे बघत, घरच्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "आई, आज तुला डावी घालतोय. रागावू नगं."

आणि वहाणा घालून चालू लागले.

पुष्कर त्यांच्यामागून उतरताना ते वाक्य त्याच्या कानात अडकलं. डावी घालतोय. सोनजाईला सगळे उजव्या हाताला ठेवून फिरतात. गुराखी, लाकूडतोडे, नवरा-नवरी, सगळे. देवीला डावी कोण घालतं? फेऱ्याची दिशा ठरवताना त्यानंही हाच विचार केला होता... की केलाच नव्हता? आठवेना. दिशा आपोआप ठरली होती.

दुसऱ्या कठड्यापाशी ते पोचले तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. लोखंडी कठड्याच्या पलीकडे खाली कोकण होतं आणि त्याच्या टोकाशी एक पांढरी रेघ. धुकं आज वेळेआधीच निघालं होतं.

"आता तू गुळवणी मास्तर," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"गुडगा दुखतोय. भूक लागलीय. बायकू पुढं गेलीय. तुला चौकीवर जायाचं हाय. जा."

पुष्करसमोर हिरड्याच्या बुंध्यावर त्याचाच पिवळा बाण लखलखत होता. पुढची वाट दाखवणारा. तो बाण त्याचा लाडका होता. याच बाणाचा फोटो पत्रकावर छापला होता.

तात्या त्याच्यामागे आले. त्याचे दोन्ही खांदे धरले. आणि त्याला उलटं फिरवलं...

रान.

करवंदीची जाळी, अंजनी, जांभळीचे काळे बुंधे. दगड. पुन्हा बुंधे.

पुष्कर बघत राहिला. एखादी तरी खूण दिसेल म्हणून त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पुढं दहा पावलांवर एक जांभूळ होतं. त्यावर त्यानं बाण काढला होता, शंभर टक्के काढला होता. तो धावत गेला, झाडाला वळसा घातला. होता. ठसठशीत. झाडाच्या पलीकडच्या अंगाला.

"आहे ना!" तो म्हणाला. "हा बघा, आहे!"

तात्या होते तिथंच उभे होते.

"त्यो म्हातारा दर झाडाला असा येढा घालंल?"



एकशे छप्पन्न. एकशे छप्पन्नच्या एकशे छप्पन्न खुणा जाणाऱ्या माणसाकडे तोंड करून होत्या. माघारी फिरणाऱ्याला त्यातली एकही दिसत नव्हती. आणि आज सकाळपासून पुष्कर स्वतः कितीदा म्हणाला होता, खुणा आहेत, खुणा आहेत.

"फेरा आहे, तात्या," तो पुटपुटला. "जिथून निघतो तिथंच संपतो. मागं फिरायचं कारणच नव्हतं कुणाला..."

"भ्यालेलं जनावर आल्या वाटंनंच माघारी पळतंय," तात्या म्हणाले. "मानूसबी. चल आता. धुकं येतंय."

तो निघाला. पाऊण किलोमीटरभर काही अडलं नाही. वाट एकच होती आणि रुळलेली होती. पुष्कर भराभर चालत होता आणि दोन्ही बाजूंना हाका मारत होता. मागून तात्यांच्या वहाणांचा आवाज येत होता. मग झाडी संपली आणि सडा लागला.

सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं पटांगण, दोनशे पावलं रुंद. कातळावर पाऊल उमटत नाही, त्यामुळे वाट इथं हरवते. म्हणूनच पुष्करनं इथं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. उभ्या दगडांवर ओळीनं नऊ बाण. आत्ता त्याच्यासमोर नऊ काळे दगड उभे होते. इतर शेकडो दगडांसारखेच.

पण त्याला वाट ठाऊक होती. पलीकडे डाव्या हाताला, कारवीच्या दोन झुडपांमध्ये, हातभर फट. तो तिकडे चालू लागला.

"कुठं निघालास?"

"वाट तिकडे आहे."

"कुणाला ठावं?"

"मला!"

"मग तू जा चौकीला. जेव. झोप. मास्तर कुठं गेला, ते मला शोधू दे."

पुष्कर थांबला. अपमानानं त्याचे कान तापले. पण पाय तिथंच राहिले, आणि त्यानं पुन्हा समोर पाहिलं. या खेपेला त्यानं डोक्यातली ती फट बाजूला सारली. अवघड गेलं. आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नाही असं धरून बघणं फार अवघड असतं, कुणीही करून पाहावं.

डावीकडे हिरवी भिंत होती, तिच्यात काहीच दिसत नव्हतं. उजवीकडे, सड्याच्या कोपऱ्यातून, एक चांगली ऐसपैस वाट उतारानं खाली जात होती. गुरांची. शेणाच्या पोवट्या पडलेल्या, खुरांनी माती उकरलेली. दुखऱ्या गुडघ्याला उतार बरा वाटतो. जिथं गुरं जातात तिथं गाव असतं, असं मिरजेच्या माणसाला वाटणारच.

"तिकडे..." पुष्कर म्हणाला. "तात्या, ते तिकडे गेलेत. कड्याकडे."



तो गुरवाटेवर उतरला. पन्नास पावलांवर वाटेला फाटा फुटला. पुन्हा शंभर पावलांवर आणखी दोन. गुरांना काय, चाऱ्यामागं कुठंही जातात. प्रत्येक फाट्यावर पुष्कर थांबायचा, खूण शोधायचा, आणि खूण नाही म्हणून जी वाट जास्त मोठी दिसेल ती धरायचा. कारवी डोक्याच्या वर गेली. मग पहिलं धुकं आलं, पानापानांतून, आवाज न करता.

"गुळवणी सर!"

काही नाही.

"सर!"

त्यानं मागं वळून पाहिलं. तात्या नव्हते.

"तात्या?"

कारवीची उभी खोडं, त्यांच्यामागं पांढरं. वहाणांचा आवाजही नव्हता. आपण कोणत्या फाट्यानं आलो? आधी डावा, मग... दोन्ही डावे? देऊळ कुठल्या बाजूला? या रानाचा नकाशा त्यानं स्वतः काढला होता, एकेक ओढा त्याला पाठ होता. आणि आत्ता त्याला डोंगर कुठं आणि कडा कुठं हे सांगता येत नव्हतं.

"तात्या! ओ तात्या!"

आणि मग त्याच्या हातून जे झालं ते त्यानं ठरवून केलं नव्हतं. पाय आपोआप भरभर पडायला लागले. थांबावंसं वाटेना. थांबलं की धुकं अंगावर येत होतं. समोर कुठंतरी उजेड दिसला. झाडी विरळ होत होती, मोकळं होतं काहीतरी, रस्ता असेल, माळ असेल, निदान आभाळ तरी दिसेल. तो त्या उजेडाकडे जवळजवळ पळतच सुटला...

आणि एका पावलावर त्याला कळलं.

या बाजूला रस्ता नव्हता. माळ नव्हता. इथं असला उजेड फक्त एकाच गोष्टीचा असू शकतो.

त्यानं कारवीचा झुबका दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसला. दोन हात पुढं गवत संपत होतं. त्याच्या कडेला माती नुकतीच खरवडलेली होती, ओली, लाल. गवत खालच्या बाजूला लोळवल्यासारखं झोपलेलं.

"सर..." तो म्हणाला. ओरडायचं बळ नव्हतं.

"शालन?" खालून कुणीतरी म्हणालं.

पुष्कर पोटावर पालथा पडला आणि सरपटत पुढं गेला. पुरुषभर खाली कड्याला एक गवताची पायरी होती, बाजेएवढी. तिच्यावर एक पांढऱ्या केसांचा माणूस कारवीच्या बुडख्याला मिठी मारून बसला होता. पायरीच्या पलीकडे नुसतं पांढरं होतं.

"हलू नका! सर, अजिबात हलू नका!"

"शालनला सांगा... जेवायला थांबू नको," गुळवणी सर म्हणाले. जीभ जड झाली होती.

पुष्करच्या खांद्यावरून दोर खाली गेला. त्यानं दचकून मागं पाहिलं. तात्या. दोराचं दुसरं टोक ते केव्हाच एका अंजनीला बांधून मोकळे झाले होते.

"उतर," ते म्हणाले. "आदी साखर तोंडात घाल. मग कमरंला बांध."

पुढची वीस मिनिटं त्यातच गेली. साखर, दोर, गाठ. ओढा... थांबा... ओढा. गुळवणी सर वर आले तेव्हा धुकं पुरतं दाटलं होतं. ते गवतावर आडवे झाले. उजवा घोटा टम्म सुजला होता. तात्यांनी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, उरलेली साखर चारली. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ओळख आली.

पुष्करनं तात्यांकडे पाहिलं. "तुम्ही कुठं होतात?"

"तुझ्या मागं. धा पावलांवर."

"मी हाका मारत होतो!"

"आयकल्या."

"मग ओ का नाही दिलीत?"

"माझ्याकडं वळला असतास."



गुळवणी सर उठून बसले. त्यांनी दोघांना हात जोडले. "फार त्रास दिला तुम्हाला. माफ करा. एवढ्या सुंदर खुणा केल्यात म्हणे कुणीतरी. जाताना बघितल्या की मी. चित्रकलेचा मास्तर मी, रेषा काय रेखल्यात!" ते थांबले. "आणि येताना एकसुद्धा दिसेना. वाटलं, साखरेनं डोळे गेले. मग वाटलं, डोकंच फिरलं आपलं. तीन तास इथं बसून तेच म्हणत होतो. की हे आता असंच होत जाणार. घरच्या घरी वाट चुकणार मी."

तात्या दोर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुष्कर बोललाच नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. म्हातारा माणूस, साखर उतरलेली, वाट चुकला. पथकाच्या वहीत एका ओळीत मावलं असतं ते. एकशे छप्पन्न बाण जिथल्या तिथं राहिले असते. आणि हे सर मिरजेला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असते, मग डोक्याच्या. पुन्हा एकटे म्हणून घराबाहेर पडले नसते.

तात्या दोराची एकच घडी तिसऱ्यांदा घालत होते.

"सर," पुष्कर म्हणाला. "खुणा नव्हत्या."

"अं?"

"माघारी येणाऱ्याला दिसतील अशा खुणा मी काढल्याच नव्हत्या. एकही नाही. बाण मीच काढलेत. चूक माझी आहे. तुम्ही आज मेला असतात, सर. माझ्यामुळं."

शेवटचे शब्द फुटले. तो रडत होता, आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटली नाही.

गुळवणी सरांनी त्याच्याकडे पाहिलं. आता हा माणूस थोबाडीत मारणार, असं पुष्करला वाटलं. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?" सरांनी विचारलं.

"हो."

"डोकंही?"

"हो, सर."

"अरे वा," गुळवणी सर म्हणाले, आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की तात्यांनाही हसू आलं.

त्यांना पाठुंगळी घेऊन पुष्कर चालला. पुढं तात्या, एक हात मागं करून दोराचं टोक धरलेले, म्हणजे धुक्यात चुकामूक नको. वाटेत दोनदा पुष्करला वाटलं, आपण चुकीच्या बाजूला वळतोय. दोन्ही वेळा तो काही बोलला नाही.

चौकीवर शालनताईंनी नवऱ्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा वाजता जेवायचं असतं, कळत नाही तुम्हाला?" मग डबा उघडून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांचा पहिला घास पोटात गेल्यावर मोठ्यानं रडायला लागल्या.

पथक आलं, पाय बांधला, गाडी गेली. पुष्करनं त्याच संध्याकाळी फेरा बंद असल्याची पाटी कमानीला लावली आणि साहेबांना फोन करून का ते सांगितलं. साहेब जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन देवळापाशी आला. तात्या आधीच येऊन बसले होते.

"तात्या, एक विचारू?"

"इचार."

"तुम्हाला हे पहिल्यापासून कळलं होतं ना? वाट उघडली त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्यात. तेव्हाच का नाही बोललात?"

तात्यांनी मान हलवली. "न्हाई रं. काल कळलं. तू 'बाणांची' म्हनलास तवा." ते देवीकडे बघत होते. "म्याबी जलमभर तिला उजवीच घालत आलो. मागनं ही वाट कशी दिसती, ते मला तरी कुठं म्हाईत?"

पुष्करला काय वाटलं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. रात्री त्यानं ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्यानं मुद्दाम लपवलं. त्या रागावर त्याला थोडी झोप तरी लागली होती. आता रागही हातचा गेला. उरली ती दोघांची चूक, निम्मी निम्मी.

दोघं आडवाटेनं दुसऱ्या कठड्यापाशी उतरले. हवा स्वच्छ होती. पुष्करनं हिरड्याच्या बाणाकडे पाठ केली, डब्याचं झाकण उघडलं, रंग ढवळला, आणि ब्रश हातात घेऊन तसाच उभा राहिला. समोर कालचेच बुंधे. सगळे सारखे.

"किती पावलांवर एक काढू?" त्यानं विचारलं. "वीस? पंचवीस?"

"पावलं मोजू नगं," तात्या म्हणाले. "चालत ऱ्हा. भ्या वाटलं की काढ."

पुष्करनं वाटेकडे पाहिलं... मग तात्यांकडे.

"आणि नाहीच वाटलं, तर?"

"मग बुरूस खाली ठिव. आदी मास्तर हो, मंग उचल."